दोष कापडात, दंड कोणाला?

यंत्रमागावरून उतरलेला तागा घडीच्या टेबलावर उलगडला जातो तेव्हा कापडातील दोष नजरेस पडतो. कुठे उभी रेघ, कुठे आडवा पट्टा, कुठे तेलाचा डाग. घडीवाला खूण करतो, दिवाणजी हिशेबाच्या वहीत नोंद करतात आणि आठवडा संपला की विणकराच्या मजुरीतून रक्कम कापली जाते. विणकर दोन शब्द बोलतो, मालक चार शब्द सुनावतो आणि प्रकरण तेथेच मिटते. पुढच्या आठवड्यात तोच दोष पुन्हा टेबलावर येतो.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावांतील यंत्रमागांवर आपल्या समाजाचे हजारो हात राबत असतात. कोणी कारखानदार आहे, कोणी विणकर, कोणी जॉबर, तर कोणी सुताचा वा कापडाचा व्यापारी. या सर्वांच्या तोंडी एकच तक्रार असते. मालक म्हणतो, माणसे टिकत नाहीत. कामगार म्हणतो, कामात मन लागत नाही. जॉबर आणि विणकर यांचे पटत नाही, दिवसपाळी आणि रात्रपाळी यांचे तर त्याहून पटत नाही. उपाय म्हणून कोणी मजुरी वाढविण्याचे सुचवितो, कोणी शिस्तीचा आग्रह धरतो. मजुरी पुरेशी आणि वेळेवर मिळाली पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु बरी मजुरी देणाऱ्या कारखान्यांतूनही माणसे निघून जातात, हेही आपण पाहतो.

प्रस्तुत लेखात एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अनेक हातांनी केलेल्या कामात चूक निघाली, तर ती कोणाच्या नावावर टाकली जाते? माझ्या मते कामगाराचे समाधान आणि सहकाऱ्यांशी त्याचे वागणे या दोन्ही गोष्टींचे मूळ येथे आहे.

एक तागा, किती हात

कापड विणकर विणतो, असे आपण बोलण्यात म्हणतो. प्रत्यक्षात सूत मागावर येईपर्यंतच अनेकांच्या हातांतून जाते. प्रथम कोनांवरचे शेकडो धागे एकत्र ओढून ताणा तयार होतो. सायझिंगमध्ये हा ताणा खळीतून काढून, वाळवून बीमवर गुंडाळतात. खळ कमी बसली तर सुताला केस सुटतात आणि तार फणीत घासून तुटते. खळ अधिक झाली किंवा वाळविताना आच जास्त लागली, तर सूत कडक आणि ठिसूळ होते. बीम बाहेरून पाहताना यातले काही कळत नाही. ते कळते मागावर चढल्यावर.

त्यानंतर वहीफणीचे काम. येथे वही म्हणजे हिशेबाची वही नव्हे, हे या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. ताण्याची एकेक तार वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओढून घेण्याचे हे काम अतिशय बारीक नजरेचे आहे. एका घरात एक तार जास्त गेली, तर ती चूक बीम संपेपर्यंत कापडावर उभी दिसत राहते. दुसरीकडे बाण्यासाठी कांड्या भरल्या जातात. हे काम पुष्कळ ठिकाणी स्त्रिया करतात आणि त्यांची मजुरी सर्वांत कमी असते. कांडी सैल भरली तर सूत घसरून कापडात गुंतवळ येते. दोन वेगळ्या लॉटचे सूत मिसळले तर रंगविल्यानंतर आडवे पट्टे उमटतात. माग नीट चालता ठेवण्याची जबाबदारी जॉबरची. या सर्वांच्या नंतर विणकर येतो. तो एकाच वेळी चार, सहा, कधी आठ माग सांभाळतो.

यातून एक साधी गोष्ट ध्यानात येईल. ज्याला दोष वाचता येतो, त्याला तो कोठून आला हेही बहुतेक वेळा ओळखता येते. उभा दोष ताण्याकडचा, आडवा दोष बाण्याकडचा किंवा मागाच्या चालीचा, ही पहिली खूण. उभी रेघ बीमच्या पहिल्या मीटरपासून एकाच जागी चालली असेल तर वहीफणीकडे किंवा फणीच्या वाकलेल्या दातीकडे पाहावे. तीच रेघ मध्येच सुरू होऊन काही अंतरावर थांबली असेल तर तार तुटली आणि ती जोडेपर्यंत माग तसाच चालला, असे समजावे. नवीन बीम चढताच ठिकठिकाणी तारा तुटू लागल्या, तर सायझिंगवाल्याला बोलावणे योग्य. आडवा पट्टा जेमतेम एका कांडीच्या लांबीइतका असेल तर कांडी तपासावी. तो ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर मागाच्या चक्राचा दात किंवा कापड ओढणारा रूळ पाहावा, म्हणजे काम जॉबरचे. वीज जाऊन आल्यावर माग सुरू होताना पडलेला पट्टा तर कोणाच्याच नावावर घालता येत नाही. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की सुती ताणा अधिक तुटतो, त्यालाही कोणी एक माणूस जबाबदार नसतो.

विणकराचा स्वतःचा दोष असतोच. तुटलेली तार जोडण्यास आळस करणे, तुटलेले टोक शेजारच्या तारांत गुंतून जाळे होईपर्यंत लक्ष न देणे, तेलकट हाताने कापड धरणे, पाळी संपताना माग तसाच सोडून जाणे, हे सर्व घडते. पण वरची यादी पाहिली तर सगळे दोष एकट्या त्याचे नाहीत, हे कोणीही मान्य करील. तरीही दंड बहुधा त्यालाच होतो. कारण दोष सापडतो त्या वेळी कापड त्याच्या नावावर असते आणि साखळीतला तो शेवटचा माणूस असतो.

दोनदा भरलेला दंड

हिशेबाने पाहू. 52 पिकाचे कापड म्हणजे एका इंचात बाण्याचे 52 धागे. एका मीटरमध्ये 39 इंचांहून थोडे अधिक असतात. म्हणजे एक मीटर कापडासाठी धोटा सुमारे 2,050 वेळा या बाजूकडून त्या बाजूला जावा लागतो. माग मिनिटाला 120 पीक टाकतो असे धरले, तर अजिबात न थांबता एक मीटर विणायला 17 मिनिटे लागतात. आता समजा, ताणा ठिसूळ असल्यामुळे प्रत्येक मागावर पाळीत 10 वेळा जास्त तार तुटली आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटे गेली. एका मागामागे 20 मिनिटे बुडाली. सहा मागांवर दोन तास, म्हणजे 7 मीटर कापड. त्यात दोन माग एकदम थांबले तर एकाला ताटकळत राहावे लागते, ते वेगळेच.

विणकराची मजुरी मीटरवर असते. खराब बीमचा पहिला दंड त्याने येथेच भरला, कोणी वहीत न लिहिता. घडीच्या टेबलावर कापला जातो तो दुसरा. सायझिंगमध्ये ज्याच्या हातून आच जास्त लागली, त्याला या दोहोंपैकी एकाचीही झळ लागत नाही. बहुधा त्याला ही गोष्ट कळतसुद्धा नाही.

येथे कारखानदाराची बाजूही सांगितली पाहिजे. व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा लहान खर्चीवाला स्वतःच चिमटीत सापडलेला असतो. व्यापारी माल परत करतो किंवा सेकंडचा भाव लावतो आणि खर्चीवाल्याच्या बिलातून रक्कम वळती करतो. सूत व्यापाऱ्यानेच दिलेले असते. ते मुळातच हलके असले तरी तोटा खर्चीवाल्याच्या माथी येतो आणि तो मग विणकराकडे सरकवितो. पाणी जसे उताराकडे धावते तसा तोटा दुबळ्याकडे धावतो. म्हणून हा विषय व्यापारी वाचकांचाही आहे. सूत परत घेण्याची तुमची तयारी असेल, तर कारखान्यातील निम्मी भांडणे तेथेच मिटतील.

शरीअत आणि कायदा

आपल्या फुकहांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. त्यांनी मजुराचे दोन प्रकार मानले. जो आपला वेळ एका मालकाला देतो तो अजीर-ए-खास. जो शिंप्यासारखा किंवा रंगाऱ्यासारखा अनेकांची कामे घेतो तो अजीर-ए-मुश्तरक. पहिल्याच्या हातून काम करताना नुकसान झाले आणि त्यात त्याचा हलगर्जीपणा किंवा मुद्दाम केलेली आगळीक नसेल, तर त्याच्याकडून भरपाई घेता येत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत जबाबदारी अधिक आहे. त्याच्या स्वतःच्या कामामुळे माल बिघडला तर तो भरून देणे लागतो. त्याच्या ताब्यातील माल अन्य कारणाने नष्ट झाला तर काय, यावर इमाम अबू हनीफा (रह.) आणि त्यांचे दोन शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) यांच्यात मतभेद आहे. मालकाच्या छपराखाली, मालकाच्या मागावर, पण मीटरच्या दराने काम करणारा आजचा विणकर नेमका कोणत्या प्रकारात बसतो, हे आपल्या गावातील जाणत्या आलिमांना विचारून घ्यावे. त्यांच्यापुढे प्रश्न मांडताना वर सांगितलेली सर्व साखळी मांडावी, केवळ ‘विणकराने कापड बिघडवले’ एवढेच सांगू नये.

देशाचा कायदाही यापासून फार दूर नाही. 1936 चा वेतन अदायगी कायदा आणि त्याच्या जागी आणलेली 2019 ची वेतन संहिता, दोन्हींत सांगितले आहे की दंड वेतनाच्या 3 टक्क्यांहून अधिक नसावा. नुकसानीपोटी केलेली कपात प्रत्यक्ष नुकसानापेक्षा जास्त नसावी, ते नुकसान त्या कामगाराच्या दुर्लक्षामुळेच झालेले असावे आणि कापण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, हेही दोन्हींत आहे. किती कारखान्यांत हे पाळले जाते, ते वाचकांना माहीत आहे.

भीतीमुळे दोष लपतो

अन्यायाने कापलेल्या पैशांचे दुःख मोठे असतेच. पण त्याहून मोठे नुकसान असे की, त्यामुळे माणूस लपवायला शिकतो. तार तुटलेली दिसली तरी विणकर जॉबरला सांगत नाही, कारण सांगितले की त्याच्याच नावावर लागेल. जॉबर सायझिंगवाल्याला दोष देतो, सायझिंगवाला सुताला. रात्रपाळीचा विणकर बिघडलेला माग सकाळच्या माणसाच्या गळ्यात घालून निघून जातो. तागा गुंडाळताना दोषाची जागा आत जाईल अशी काळजी घेतली जाते. प्रत्येकजण आपली कातडी सांभाळतो आणि कापडाचा वाली कोणी उरत नाही. अशा ठिकाणी ‘मिळून मिसळून काम करा’ असा उपदेश करून काय उपयोग?

हदीसमध्ये एक प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. प्रेषितांनी त्याला ते ओले धान्य वर ठेवायला सांगितले, म्हणजे लोकांना दिसेल, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. हा प्रसंग आपण नेहमी ग्राहकाशी होणाऱ्या व्यवहारापुरता सांगतो. कारखान्याच्या आतही तो तितकाच लागू आहे. धान्य पावसाने भिजले यात विक्रेत्याचा गुन्हा नव्हता, गुन्हा ते झाकण्यात होता. तार तुटणे हा विणकराचा गुन्हा नव्हे. ती तशीच ठेवून तागा गुंडाळणे हा गुन्हा आहे. आणि जो मालक तुटलेली तार दाखविणाऱ्याला व लपविणाऱ्याला एकच दंड लावतो, तो ओले धान्य खाली ठेवण्याचे शिक्षण स्वतःच देत असतो.

थांबणारा माग

या संदर्भात जपानमधील एका यंत्रमागाची हकीकत उद्‌बोधक आहे. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. 1867 साली जन्मलेल्या या माणसाने सारे आयुष्य मागाच्या सुधारणेत घालविले. धागा तुटला तरी माग चालत राहतो आणि खराब कापड विणत जातो, ही गोष्ट त्याला खटकत असे. त्याने धागा तुटताच आपोआप थांबणारे माग तयार केले. 1924 मध्ये पूर्ण झालेला त्याचा स्वयंचलित माग इतका सरस ठरला की, 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. ज्या देशाकडून जगाने यंत्रमाग घेतला, त्याच देशाला एका सुताराच्या मुलाने माग शिकविला!

पुढे त्याच घराण्याने मोटारी बनविण्याचा उद्योग काढला, तो आज टोयोटा नावाने जगभर ओळखला जातो. मागाचे तत्त्व तेथे माणसांना लागू केले गेले. कामाच्या ओळीत कोठेही दोष दिसला तर साध्या कामगारालाही दोरी ओढून मदत बोलावण्याची व वेळ आली तर सारे काम थांबविण्याची मुभा असते. दोरी ओढताच त्या गटाचा प्रमुख धावत येतो. दोष कोणाचा यापेक्षा तो का झाला, हे आधी विचारले जाते, आणि एका उत्तरावर न थांबता ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारण्याची तेथे पद्धत आहे.

आपल्या कारखान्यात हा प्रश्न विचारून पाहू. कापडावर उभी रेघ का आली? तार तुटली होती. विणकराला ती का दिसली नाही? तो दुसऱ्या मागावर होता. तेथे इतका वेळ का? त्या मागाच्या तारा सारख्या तुटत होत्या. का? त्या बीमचे सूत ठिसूळ झाले होते. का? बीम घाईने हवे होते म्हणून सायझिंगमध्ये आच वाढविली गेली. आणि घाई कोणी केली होती? बहुधा मालकानेच. पहिल्या उत्तराशी थांबलो असतो तर दंड विणकराला झाला असता आणि पुढचा बीमही तसाच आला असता.

आपल्याकडील बहुतेक साध्या मागांवर ताण्याची तार तुटताच माग थांबण्याची सोय नसते. आता अनेकांनी रेपिअर माग बसविले आहेत, त्यांवर ती असते. पण ज्याच्याकडे साधेच माग आहेत, त्यालाही दुसरी सोय करता येण्यासारखी आहे. ‘बीम खराब आहे, मी हा माग बंद ठेवतो’ असे म्हणण्याचा हक्क विणकराला द्यावा आणि त्या बंद वेळेची मजुरी कापू नये. मीटरवर पोट असलेला माणूस उगाच माग बंद ठेवणार नाही, एवढा विश्वास ठेवायला हरकत नाही.

मालकाची जीभ

दोष सापडल्यावर काय बोलले जाते, यावर कारखान्याचे वातावरण अवलंबून असते. उहुदच्या लढाईपूर्वी (हिजरी 3, इ.स. 625) प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साथीदारांचा सल्ला घेतला. मदीनेत राहून सामना करावा असा त्यांचा स्वतःचा कल होता, परंतु अनेकांच्या आग्रहामुळे ते बाहेर पडले. पुढे धनुर्धाऱ्यांनी जागा सोडली आणि मुसलमानांना जबर हानी सोसावी लागली. दोष कोणाचा, हे उघड होते. अशा वेळी सूरह आलि इमरानमधील 159 व्या आयतीत अल्लाहने प्रेषितांना जे सांगितले ते प्रत्येक मालकाने व मुकादमाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तुमच्या मनाची कोमलता ही अल्लाहची कृपा आहे, तुम्ही कठोर असता तर हे लोक तुमच्या भोवतालून पांगले असते, तेव्हा त्यांना माफ करा आणि कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहा, असा तिचा आशय आहे. सल्ल्यानंतर पराभव पदरी आला, तरीही सल्ला घेणे बंद करू नका, असा आदेश आहे. आपल्याकडे एक तागा बिघडला की विणकराला तोंड उघडण्याची बंदी होते.

हजरत अनस (रजि.) लहान वयापासून दहा वर्षे प्रेषितांच्या सेवेत होते. त्या दहा वर्षांत हे का केलेस किंवा हे का नाही केलेस, असे त्यांना एकदाही ऐकावे लागले नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. याचा अर्थ कामाची चौकशी करू नये असा नव्हे. चौकशी कापडाची करावी. तुझ्या बापाने कधी माग पाहिला होता का, अशी वाक्ये चौकशीत मोडत नाहीत. गॅरेजमध्ये, बेकरीत, शिलाईच्या दुकानात शागिर्दाला शिव्या देऊनच काम येते, असा काही उस्तादांचा पक्का समज आहे. त्या शागिर्दांपैकी किती जण दुसऱ्या वर्षी त्याच उस्तादाकडे असतात, ते मोजून पाहावे.

कापड पुढे कोठे जाते?

समाधानाचा आणखी एक भाग आहे, तो मिरजेच्या कारागिरांकडे पाहिले की कळतो. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनविणारी शिकलगार मंडळी आहेत. हत्यारांना धार-पाणी देणाऱ्या या घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वाद्ये बनविण्यास आरंभ केला आणि पिढ्यानपिढ्या ती कला टिकली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथेही काम एका हाताचे नसते. वाळलेला भोपळा निवडून कापणारा, लाकडाची दांडी घडविणारा, नक्षी करणारा, पॉलिश करणारा आणि शेवटी तारा चढवून जवारी लावणारा, अशी साखळीच असते. भोपळ्याच्या कामात खोट राहिली तर ती अखेरीस जवारीवाल्याच्या कानाला कळते. पण तेथे तो उठून मागच्या माणसाकडे जातो आणि वाद्य छेडून दाखवितो. दोघांनाही तो सूर ऐकू येतो. आणि वाद्य चांगले उतरले तर भोपळा कापणाऱ्यालाही ते ऐकायला मिळते.

विणकराच्या नशिबी हे नाही. मालेगावचे कोरे कापड पाली, बालोतरासारख्या गावी रंगविण्या-छापण्यासाठी जाते. तेथून ते कोणाच्या अंगावर जाते, हे विणकराला कधी दिसत नाही. वहीफणीवाला तर चालता मागही क्वचितच पाहतो. ज्या कामाचा शेवट दिसत नाही त्यात मन कसे रमावे? कारखानदाराने आपल्याच कापडाचा छापून आलेला एक तुकडा व्यापाऱ्याकडून मागून आणावा आणि घडीच्या टेबलावर सर्वांसमोर उलगडावा. खर्च काही नाही. कोऱ्या कापडात न दिसलेला बाण्याचा पट्टा रंगावर कसा उमटतो, हे कांडी भरणाऱ्या बाईला त्या दिवशी प्रथमच दिसेल. लॉट वेगळे ठेवा, असे तिला वर्षभर ओरडून सांगितले, तरी हे समजले नसते.

कुरआनात हजरत दाऊद (अ.) यांच्या हाती लोखंड मऊ केल्याचा आणि चिलखताच्या कड्या मापात जोडण्याच्या आदेशाचा उल्लेख आहे (सूरह सबा, 10-11). चिलखतातील एक कडी सैल असेल तर बाण तेथूनच आत शिरतो. प्रत्येक कडीचे माप शेजारच्या कडीवरून ठरते.

प्रत्यक्ष काय करावे?

वर्गातल्यासारखी फळ्यावर नियमावली लिहून काही होत नाही. एक जाड कागदाची वही घ्यावी आणि घडीच्या टेबलाजवळ दोरीने बांधून ठेवावी. दोष सापडला की त्यात मागाचा नंबर, बीमचा नंबर, दोष उभा की आडवा, कितव्या मीटरवर सुरू झाला आणि पाळी कोणती, एवढेच लिहावे. माणसाचे नाव लिहू नये. लिहिता न येणाऱ्याने घडीवाल्याला सांगावे. आठवड्यातून एकदा, मजुरीच्या वाटपापूर्वी, जॉबर, विणकर, वहीफणीवाला, कांडीवाल्यांपैकी एक आणि दिवाणजी यांनी अर्धा तास बसून ती वही वाचावी. सायझिंगवाल्यालाही चहाला बोलवावे. तो पहिल्यांदा येणार नाही, दुसऱ्यांदा येईल. ही बैठक वाटपाच्या आधी झाली पाहिजे. पैसे कापून झाल्यावर घेतलेला सल्ला कोणी मनापासून देत नाही.

पाळी बदलताना दोन मिनिटे दोन्ही विणकर एकत्र मागांवरून फिरावेत. कोणत्या मागाची तार वारंवार तुटते, कोणत्या धोट्याला तेल लागते, हे जाणाऱ्याने बोटाने दाखवावे; मागांच्या गोंगाटात शब्दांपेक्षा बोटच बरे. ही दोन मिनिटे कोणाच्या मजुरीतून जाणार, यावरून वाद होईल. मालकाने ती आपल्या खाती लिहावीत आणि वाद संपवावा.

शिलाईच्या कारखान्यात कटिंग मास्तर, शिलाईवाला, काजबटणवाला आणि इस्त्रीवाला यांनाही हीच वही चालेल. गॅरेजमध्ये पेंटरला डेंटरच्या कामाबद्दल जे म्हणायचे असते, ते गाडी ग्राहकाला दिल्यानंतर म्हटले जाते. ते आधी म्हणण्याची सोय झाली, तरी पुष्कळ आहे.

सर्व मागांची नोंद एकदम सुरू केली तर दोन आठवड्यांत वही कोरी पडेल. पहिल्या महिन्यात एकाच मागाची नोंद पुरे. प्रत्येक कारखान्यात एखादा असा माग असतो, ज्यावर जायला नवा विणकर कुरकुरतो आणि जुना विणकर सबब सांगतो. सुरुवात त्या मागापासून करावी.